लंजेबाईंचं सूप

गोंदियातल्या डॉक्टरांच्या टेबलावर काय काय असतं ते मला पाठ आहे. औषध कंपनीचं कॅलेंडर, औषध कंपनीचा पेनस्टँड आणि औषध कंपनीनंच भेट दिलेला प्लास्टिकचा गुडघा. माझ्या टेबलावर तिन्ही होती. रस्त्यापलीकडे डॉ. लंजेबाईंच्या टेबलावर मात्र सूप होतं. धान पाखडायचं, बांबूचं, कडा तारेनं बांधलेलं खरंखुरं सूप. पेशंट येऊन बसला की काय होतंय हे विचारायच्या आधी बाई ते सूप त्याच्यापुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "ओत."

मग पेशंट पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, बांधून आणलेलं सगळं त्यात ओतायचा. आमच्याकडे माणूस पन्नाशीला टेकला की त्याची अशी एक पन्नी तयार होते. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरनं लिहिलेल्या गोळ्या, जावयानं आणून दिलेल्या, शेजारणीला गुण आला म्हणून घेतलेल्या. बाई कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायच्या आणि तांदळातले खडे निवडावेत तशा एकेक पट्टी निवडायच्या. "हे लागते," म्हणून एक उजवीकडे. "हे नाही लागत," म्हणून एक डावीकडे. मधे जो ढीग उरायचा तो बहुतेक ताकदीच्या गोळ्यांचा असायचा. लाल, पिवळ्या, सोनेरी वेष्टनातल्या, बी, सी, डी, ई आणि या सगळ्यांची मिसळ. त्या ढिगावर हात ठेवून बाई म्हणायच्या, "याचं मले माहीत नाही."

एम.बी.बी.एस. झालेली, सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत काढलेली बाई पेशंटच्या तोंडावर 'माहीत नाही' म्हणते, आणि पेशंट उठून जात नाही, उलट खुर्ची पुढे ओढतो. याचा मला किती जाच झाला ते कुणाला सांगितलेलं नाही. बाई आता नाहीत, तेव्हा सांगायला हरकत नाही.

मी मूळचा गोंदियाजवळच्या मुर्रीचा. एम.डी. पुण्याला केलं आणि कुडव्याच्या रस्त्यावर दवाखाना थाटला. काचेचा दरवाजा, एसी, टोकनचं यंत्र. पहिली काही वर्षं बरी गेली. मग समोरच्या ओळीत, पंक्चरच्या दुकानाला लागून असलेल्या गाळ्यात, रिटायर झालेल्या लंजेबाई येऊन बसल्या. एसी नाही, टोकन नाही. चपला बाहेर काढून आत यायचं, एवढा एकच नियम. माझ्या खिडकीतून त्या चपला दिसायच्या आणि मी त्या मोजायचो. दोन पेशंटच्या मधे उठून, पडदा जरा बाजूला करून, मोजायचो. त्यांच्याकडे तेवीस जोड आणि माझ्या बाकावर सात माणसं, त्यातले दोघे औषध कंपन्यांचे. असा दिवस निघाला की मला जेवण जायचं नाही. बायको म्हणायची, "ॲसिडिटी आहे, गोळी घ्या." ॲसिडिटी कसली, पोटात दुखत होतं ते वेगळंच.

डॉक्टरकडे माणूस खात्रीसाठी येतो, हे माझं मत होतं. कुणी "डॉक्टर, लय कमजोरी आहे" म्हटलं की मी त्याच्या डोळ्याची पापणी खाली ओढायचो, "हं" म्हणायचो आणि दोन गोळ्या, एक पुडी, एक बाटली लिहून द्यायचो. त्याचा उपयोग व्हायचा का? कुणाला व्हायचा, कुणाला नाही, आणि कुणाला होईल ते आधी सांगता यायचं नाही. पण हे पेशंटला कशाला ऐकवायचं? त्यात हल्ली लोक फोनवरून तपासण्यांचं पॅकेज घेतात. पानंच्या पानं रिपोर्ट येतो, त्यात दहा आकडे ठळक छापलेले. जन्मभर उन्हात वाकून धानाची रोवणी केलेली बाई रिपोर्ट घेऊन येते आणि तिचं व्हिटॅमिन डी कमी निघतं. तिला काहीही होत नसतं, पण तो ठळक आकडा पाहून तिचे गुडघे त्याच दिवसापासून दुखायला लागतात. मी आकडा पाहायचो आणि पुडी लिहायचो. बाई आकडा पाहायच्या आणि विचारायच्या, "हा कागद आला नसता त तुले काय दुखत होतं?"

आमची पहिली भेट भांडणातूनच झाली. चौरागडे गुरुजी म्हणून माझे एक पेशंट होते. त्यांच्या हातात माझी चिठ्ठी मला परत दिसली, आणि त्यातल्या तीन औषधांपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलेलं. मी तसाच रस्ता ओलांडला. रागात होतो तरी चपला बाहेर काढल्या, हे आता आठवून हसू येतं.

"या डॉक्टर. पन्नी आणली?" बाई म्हणाल्या.

"मी पेशंट म्हणून नाही आलो. माझ्या चिठ्ठीवर तुम्ही प्रश्नचिन्ह काढलं."

"काढलं. ते कायले लिहिलं ते मले समजलं नाही. चूक आहे असं नाही म्हटलं मी. गुरुजीले म्हटलं, डॉक्टरलेच इचार."

"व्हिटॅमिन आहेत ती. अपाय तर नाही ना."

"तुम्ही सोता घेता काय?"

"रोज सकाळी एक."

"मंग, काही फरक पडला?"

मी तोंड उघडलं आणि आतून निघालं, "माहीत नाही."

त्या मला हसल्या असत्या तर बरं झालं असतं, मला राग धरून ठेवता आला असता. त्या म्हणाल्या, "बसा मंग. चहा सांगतो." आमच्याकडच्या बायाही 'सांगतो, जातो' म्हणतात. पुण्याला राहून माझ्या कानाची ती सवय मोडली होती, त्या दिवशी ती परत आली आणि मला उगाच आईची आठवण झाली.

चहा पिता पिता कळलं की त्या तलाव बांधणाऱ्या घराण्यातल्या. त्यांच्या गावचा तलाव त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेला, आणि अजूनही गावात त्यावरून त्यांच्या घराला मान. "आमच्या बुढ्यानं पाळ बांधली तेव्हा त्याले माहीत होतं काय, पानी किती येईल ते? नव्हतं माहीत. म्हणून त त्यानं सांडवा ठेवला," त्या म्हणाल्या. पाळ म्हणजे तलावाचा बांध, आणि सांडवा म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायची वाट. मग माझ्या चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाल्या, "बी अन् सी जास्त झाले त लघवीवाटे चालले जातात बहुतेक. डीचं तसं नाही. त्या तलावाले सांडवा नाही, डॉक्टर." मला हे पुस्तकातून माहीत होतं. पण पुस्तकातलं ज्ञान असं चहाच्या घोटाबरोबर सांगता येतं हे माहीत नव्हतं, आणि ते मला जमत नाही याचा मला त्याच क्षणी हेवा वाटला.

त्या औषधाच्या वैरी होत्या असं कुणी समजू नये. मांस-मच्छी न खाणारे एक आजोबा तळपाय बधिर झाले म्हणून आले होते. दोन डॉक्टरांनी त्यांना 'वय झालं' म्हणून परत पाठवलं होतं, त्यातला एक मी. बाईंनी त्यांची बी-ट्वेल्वची इंजेक्शनं सुरू केली. आजोबा नको म्हणत होते, तर बाई त्यांच्या घरी जाऊन बसल्या. "याचं मले माहीत आहे. ज्याचं माहीत आहे ते मी सोडत नाही," म्हणाल्या. काही महिन्यांनी आजोबा माझ्या खिडकीखालून काठी न टेकता गेले, जाताना वर पाहून मला नमस्कारही केला. मी पडदा सोडला.

आणि मधल्या ढिगाचं काय करायचं, तर बाई ते पेशंटवर सोपवायच्या. "तीन महिने बंद ठेवजो. मंग येजो अन् तूच मले सांगजो कसं वाटते ते. मी नाही सांगत तुले." माणसं खरंच परत यायची आणि सांगायची. कुणी म्हणे काही फरक नाही, कुणी म्हणे गोळीशिवाय चैन पडत नाही. त्याला बाई म्हणायच्या, "मंग घे बापा. तुले बरं वाटते, मले भांडायचं नाही." माझ्याकडून बरे झालेले लोक परत कशाला येतील? यांच्याकडे बरे झालेले लोकही गप्पा मारायला यायचे. चपला वाढणार नाहीत तर काय.

मत्सर करणारा माणूस फार मन लावून पाहतो. मी त्यांची एक युक्ती पाहून ठेवली. डीची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. मी चिठ्ठीवर स्पष्ट लिहायचो, तरी लोक एकतर रोज घ्यायचे नाहीतर विसरून जायचे. बाई नुसतं म्हणायच्या, "बजाराच्या दिवशी एक पुडी, दुधात." गावाचा बाजार आठवड्यातून एकदाच भरतो आणि तो दिवस कुणी विसरत नाही. मी ते वाक्य उचललं. उचललं ते उचललं, वर गावातल्या डॉक्टरांच्या बैठकीत माझं म्हणून सांगितलं. टाळ्या पडल्या. बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनीही वाजवल्या.

मग एका मंगळवारी मी चपला मोजत असताना सतराव्या जोडीशी थांबलो. निळ्या पट्ट्याची, डाव्या पायाचा अंगठा पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला. तो दोरा मी ओळखत होतो, कारण तो शिवताना मी आईला म्हटलं होतं की नवी घेऊन देतो. आई मुर्रीहून ऑटोनं आली होती, मुलाच्या दवाखान्यासमोर उतरली होती, आणि रस्ता ओलांडून तिकडे गेली होती.

संध्याकाळी मी मुर्रीला गेलो. आई अंगणात भाजी निवडत होती.

"काऊन गेली होती तिकडे?"

"कुठं?" म्हणाली, आणि मग लपवायचा कंटाळा येऊन म्हणाली, "गेली होती. तू ज्या गोळ्या देतो त्या इचारायले."

"मला विचारायचं होतं."

"तुले काय इचारू बापू? तुले सगळं माहीत राह्यते. मी म्हटलं पाय दुखते, त बोलणं पुरं व्हायच्या आधी तू गोळी देतो. मले भेव लागते तुह्यं."

मी घरी येऊन बायकोवर डाफरलो, मुलीवर डाफरलो. बाहेरची दुनिया त्यांच्याकडे गेली तर मी म्हणू शकत होतो की अडाणी लोक आहेत. आईला काय म्हणणार? तिनं दागिने न करता मला शिकवलं होतं, आणि आता गोळ्यांची पन्नी घेऊन ती दुसऱ्याच्या सुपापुढे बसत होती. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. आईची चप्पल माझ्या दाराबाहेर. आणि ती मिळायची तर, मला वाटायचं, लंजेबाई एकदा तरी चुकायला हव्यात.

त्या चुकल्या.

शेवंताबाई कुडव्यातच राहायची, मुरमुरे-फुटाणे विकायची. तिला तिचा मुलगा माझ्याकडे घेऊन आला, कारण बाई त्या दिवशी गावाला गेल्या होत्या. उलट्या, सारखी तहान, पोट साफ नाही, आणि बोलताना मधेच हरवल्यासारखी. मी रक्त तपासलं. कॅल्शियम इतकं वाढलं होतं की मी आकडा दोनदा पाहिला. तिची पन्नी मागवली. त्यात डीच्या रिकाम्या पुड्यांचा गठ्ठा निघाला.

"ही पुडी केव्हा घेता?"

"बजाराच्या दिवशी. बाईनं सांगतलं."

"म्हणजे आठवड्यातून एकदा ना?"

"एकदा कसं डॉक्टर? बजार त रोजच राह्यते. सहा गावचे सहा बजार करतो मी. ऐतवारी घरी, त ऐतवारी नाही घेत."

पुड्या संपल्या की ती तीच चिठ्ठी ज्या गावचा बाजार असेल तिथल्या मेडिकलमध्ये दाखवायची. असे साडेचार महिने. बाजाराला जाणाऱ्या बाईला जे सांगितलं ते बाजार करणाऱ्या बाईनं ऐकलं होतं, आणि तिनं सांगितल्याबरहुकूम केलं होतं. इतकी इमानदार पेशंट मी पाहिली नाही.

तिला मी लगेच मोठ्या दवाखान्यात भरती करवलं, ते माझं काम मी नीट केलं. पण मला आनंद झाला, हेही खरं आहे. बाई परतल्याचं दुसऱ्या दिवशी दिसताच मी रिपोर्ट घेऊन रस्ता ओलांडला. चपला मोजल्या, एकोणीस जोड. म्हटलं, एकोणीस माणसांनी ऐकावं. दारातूनच बोललो, जरा मोठ्यानं, "मॅडम, तुमची शेवंताबाई भरती आहे. तुमच्या बाजाराच्या पुडीनं."

बाईंनी रिपोर्ट वाचला. मग त्यासोबतची पुड्यांची आपलीच चिठ्ठी वाचली. टेबलामागून उठून त्या पेशंटच्या स्टुलावर बसल्या. मग बाकावरच्या लोकांकडे वळून म्हणाल्या, "आज कोनाले पाहत नाही मी. माह्या हातून चूक झाली. शेवंताले बजाराच्या दिवशी पुडी घे म्हटलं. ते बजारच करते हे मले माहीत होतं, माहीत असून इचार नाही केला. ज्यायले ज्यायले मी असं सांगतलं त्यायनं पुडी बंद करा अन् उद्या या." मी तिथं उभा होतो. माझं काम संपलं होतं, मी चपला घालून परत रस्ता ओलांडला.

शेवंताबाई आठ दिवस भरती होती. बाई रोज गेल्या. तिच्या मुलांसमोर, सासरच्या माणसांसमोर चूक कबूल केली. मुलगा चिडून नाही नाही ते बोलला, ते ऐकून घेतलं. शेवंताबाई वाचली, किडनीही वाचली. आणि मग बाईंनी जे केलं ते आमच्या धंद्यात कुणी करत नाही. काखेत सूप घेऊन त्या सहा दिवस सहा बाजार फिरल्या. शेवंताबाईच्या रिकाम्या जागेवर बसायच्या आणि आजूबाजूच्या विकणाऱ्यांना म्हणायच्या, "पुडी घेता काय कोनी? ओता सुपात." सहा दिवसांत पुड्या जास्त घेणारे चार जण सापडले. कुणाला त्रास सुरू झालेला नव्हता.

मला वाटलं, आता संपलं. एवढा बोभाटा झाल्यावर कोण जाईल? पुढच्या आठवड्यात मी खिडकीशी गेलो तर एकतीस जोड. गुरुजींना विचारलं, त्यांनी खांदे उडवले. "चुकली त सांगते तरी ते बाई. बाकीचे चुकत नाहीत काय? सांगत नाहीत एवढंच." मी घरी जाऊन न जेवता झोपलो.

त्याच सुमारास एका दुपारी बाई माझ्याकडे आल्या. पहिल्यांदाच. टोकन घेऊन बसल्या, नंबर आल्यावर आत आल्या, आणि दोन चिठ्ठ्या माझ्या टेबलावर ठेवल्या. माझ्या लेटरहेडवरच्या, माझ्या अक्षरातल्या. 'बाजाराच्या दिवशी एक पुडी.'

"चार सापडले ना, त्यातले दोन तुमचे आहेत. एक लसूण विकणारा तुळशीराम, अन् एक बांगड्यावाली. पुड्या मी बंद केल्या, पन काऊन ते नाही सांगतलं. ते तुम्ही सांगा. रक्तही पाहून घ्या."

मी म्हटलं, "हो, हो, सांगतो."

बांगडीवाल्या बाईला आणि तुळशीरामला मी बोलावलं. रक्त तपासलं, आकडे थोडेच वर होते. मी हसून म्हटलं, "तुमचा कोर्स पूर्ण झाला. आता पुडीची गरज नाही." दोघं पाया पडून गेली. महिन्याभरानं रस्त्यात बाईंनी विचारलं, "सांगतलं काय त्या दोघायले?" मी म्हटलं, "सांगितलं." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं." त्यांच्या टेबलासमोर बसून मी एकदा खरं बोललो होतो, ते नकळत. रस्त्यात उभं राहून समजून उमजून खोटं बोललो.

गेल्या दिवाळीनंतर, धान कापणीच्या दिवसांत, बाई भावाकडे गावी गेल्या होत्या. सकाळी तलावाच्या पाळीवर फिरायला गेल्या आणि तिथंच बसल्या त्या बसल्याच. हृदय बंद पडलं. मी गेलो होतो. पाळीवर, शेताच्या बांधांवर, सगळीकडे माणसं होती. मी सवयीनं मोजायला लागलो आणि मग थांबलो. आई माझ्याबरोबर आली होती, ती माझ्याशी बोलली नाही, तिथल्या बायांच्या गळ्यात पडून रडली. बाईंसाठी मी रडलो की आईला तसं रडताना पाहून, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पंधरा दिवसांनी त्यांची भाची गाळा रिकामा करायला आली. मी जाऊन म्हटलं, "ते सूप मला मिळेल का?" मला ते फार हवं होतं. कशाला, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "ते आत्यानं शेवंताबाईला देऊन टाकलं, मागेच."

म्हणजे तेही नाही. मी इतकी वर्षं त्यांच्या समोर बसलो, आणि सूप मुरमुरेवालीला. कुडव्याच्या बाजाराच्या दिवशी मी नवं सूप विकत घेतलं आणि शेवंताबाईपुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, हे घे, ते जुनं मला दे. त्या सुपात मुरमुऱ्यांचा ढीग होता. तारेची कड मी ओळखली.

"नाही डॉक्टर," ती म्हणाली. "दवाखान्यात बाई माह्या खाटेपाशी हे सूप घेऊनच बसली होती. म्हणे, मी चुकली शेवंता, माफ कर. आजवर मले कोनी माफी मागतली नव्हती. नवऱ्यानं नाही. हे नाही देत."

शेजारी पोत्यावर तुळशीराम लसूण मांडून बसला होता. मला पाहून खूश झाला. "डॉक्टर, बरं झालं भेटले. तो माहा कोर्स पुरा झाला ना, तवापासून थोडं कमजोर वाटून राहिलं. ते पुडी परत सुरू करू काय? बजाराच्या दिवशी?"

मी नवं सूप हातात घेऊन उभा होतो. 'नको, आता गरज नाही' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. शेवंताबाई माझ्याकडे पाहत होती. तिला काही माहीत नव्हतं, ती नुसतीच पाहत होती.

"तुळशीराम, कोर्स पूर्ण झाला नव्हता," मी म्हटलं. "तुम्ही रोज घेत होता ती पुडी. आठवड्यातून एक घ्यायची होती. बाजाराच्या दिवशी असं मीच लिहिलं होतं. चूक माझी होती. शेवंताबाईला झालं ते तुम्हालाही झालं असतं. आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं."

तुळशीरामनं हातातला लसूण खाली ठेवला. "अन् हे तुम्हाले कधीपासून माहीत आहे?"

"दोन वर्षांपासून."

आजूबाजूचे चार-पाच जण ऐकत होते. तुळशीराम म्हणाला, "बाई असती त तवाच सांगती."

"हो," मी म्हटलं.

"मंग आता कमजोरी कायची आहे?"

"मले माहीत नाही," मी म्हटलं. वीस वर्षांत पहिल्यांदा पेशंटशी मी माझ्या गावच्या बोलीत बोललो. "उद्या या. पाहू." तो येईन असं म्हणाला नाही. शेवंताबाईनं मला मुरमुऱ्यांची एक पुडी बांधून दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. बांगडीवाली त्या दिवशी बाजारात नव्हती. तिच्या घरी मी दुसऱ्या दिवशी गेलो. तिनं मला बसही म्हटलं नाही.

बाजारातली बातमी मुर्रीला पोचायला संध्याकाळ लागत नाही. पुढच्या आठवड्यात बाकावर चारच माणसं होती आणि तुळशीराम त्यात नव्हता. त्याच्या पुढच्या आठवड्यात तो आला. आणि एका गुरुवारी, पेशंटला बाहेर सोडायला मी काचेचा दरवाजा उघडला तर पायरीच्या खाली चपलांची एकच जोडी होती. बाकीचे सगळे चपला घालूनच आत बसले होते, माझ्याकडे काढायचा नियम नाही. निळ्या पट्ट्याची, डाव्या पायाचा अंगठा पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला. आई बाकाच्या टोकाला हातात टोकन धरून बसली होती. मी तिला आधी आत घेतलं नाही. तिलाही ते आवडलं नसतं. तिच्या आधीचे तीन पेशंट मी कसे तपासले ते मला आठवत नाही.

नंबर आल्यावर ती आत आली, खुर्चीत बसली, आणि काही न विचारता पन्नी सोडून माझ्या टेबलावर ओतली. नवं सूप मी आणून कपाटावर ठेवून दिलं होतं, टेबलावर ठेवायची हिंमत झाली नव्हती. टेबलाला काच होती. सुट्या गोळ्या काचेवरून घरंगळल्या आणि टपटप खाली पडल्या. मी खुर्ची मागे सारून गुडघ्यांवर बसलो आणि टेबलाखाली शिरून एकेक वेचायला लागलो. वरून आईचा आवाज आला.

"लंजेबाईच्या सुपातून नाही पडत होत्या."